बंदी घातलेली लिपी अंध पोरांनीच जगवली. लुई ब्रेल यांच्या झगड्याची गोष्ट

४ जानेवारी ही लुई ब्रेल यांची जयंती. ब्रेल लिपीचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलंय. पण ती मान्य व्हायला किती वर्षं गेली, हे थोड्यांनाच माहीत असेल.

फ्रान्समध्ये पॅरिसजवळ कूव्रे नावाचं गाव आहे. तिथं १८०९ साली लुईचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगीरं शिवायचे. तीन वर्षांचा लुई वडिलांची आरी घेऊन चामड्याशी खेळत होता. आरी सटकली अन् डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसराही डोळा गेला. पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण अंधार झाला.

त्या काळी अंध माणसाच्या नशिबी बहुतेक भीकच असायची. पण आईबापानं पोराला घरात बसवून ठेवलं नाही. वडिलांनी फळीवर खिळे ठोकून अक्षरं शिकवली. गावच्या शाळेत तो इतर पोरांबरोबरच बसायचा. नुसतं ऐकून तो पुढं असायचा, पण पुस्तक हातात आलं की अडायचं.

दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तिथली पुस्तकं म्हणजे कागदावर उठवलेली साधीच अक्षरं. पुस्तकं मोजकी अन् जडच्या जड. एकेक अक्षर चाचपत वाचायचं, स्वतः लिहिणं तर जवळपास अशक्यच.

तेवढ्यात शार्ल बार्बिये नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची १२ टिंबांची पद्धत शाळेत आली. ती बोटाखाली मावत नव्हती. लुईनं ती ६ टिंबांवर आणली. १८२४ साली लिपी तयार झाली, तेव्हा तो १५ वर्षांचा होता. आरीसारख्याच टोकदार हत्यारानं आता पोरं स्वतः लिहू लागली.

१८२९ साली लिपीचं पुस्तक निघालं. पुढं ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. पण १८४० नंतर नव्या संचालकांनी या लिपीवर बंदी घातली. डोळस लोक जी अक्षरं वाचतात तीच अंधांनी वाचावी, असा हट्ट होता. पोरं मात्र चोरून ब्रेलमध्येच लिहीत राहिली. शेवटी शाळेला नमावं लागलं. १८४४ साली नव्या इमारतीच्या उद्घाटनात सगळ्यांसमोर या लिपीचं प्रात्यक्षिक झालं.

ब्रेल यांना क्षयानं गाठलं होतं. ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी ते गेले. शाळेनं लिपीला अधिकृत मान्यता दिली ती त्यानंतर २ वर्षांनी. १९५२ साली फ्रान्सनं त्यांचे अवशेष थोरामोठ्यांच्या स्मारकात, पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. हात तेवढे कूव्रेतच ठेवले. आपल्याकडं १९५१ साली भारती ब्रेल ठरली. मराठीही त्याच ६ टिंबांत वाचता येते.

गावात, वस्तीवर एखादं अंध लेकरू घरीच बसून असेल, तर कूव्रेचा तो खोगीर शिवणारा बाप आठवावा. लिपी नंतर आली. पोराला शाळेत घालायचं त्यानं आधीच ठरवलं होतं.