गॉर्डन हॉल यांचे अल्पचरित्र

समुद्र ओलांडून परमुलखात सेवेस गेलेल्या पुष्कळ मिशनऱ्यांना तेथील रोगराईने अकाली ओढून नेले. त्यांपैकी गॉर्डन हॉल यांचे नाव मराठी विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. कारण त्यांचा देह याच भूमीत पडला.

हॉल यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतातील टॉलंड गावी झाला. विल्यम्स कॉलेजातून १८०८ साली पदवी घेऊन त्यांनी अँडोव्हर येथे धर्मशास्त्राचा अभ्यास केला. वुडबरी गावच्या मंडळीने त्यांना पाळकपद देऊ केले होते. परंतु ती स्वस्थतेची जागा त्यांनी स्वीकारली नाही. प्रवासास निघण्यापूर्वी त्यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची व्याख्यानेही ऐकली. फेब्रुवारी १८१२ मध्ये त्यांचे गलबत निघाले.

कलकत्त्यास उतरताच कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम केला. फेब्रुवारी १८१३ मध्ये ते सॅम्युएल नॉट यांच्यासह मुंबईस आले. तेथेही तोच प्रसंग उभा राहिला. तेव्हा हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हन नेपियन यांस अत्यंत नम्र पण निर्भय असा अर्ज लिहिला. अखेर राहण्याची परवानगी मिळाली. मग मराठी भाषा आत्मसात करून ते शाळा चालविणे, उपदेश करणे व नव्या कराराचे भाषांतर करणे या कामांत तेरा वर्षे गढून गेले. १८२५ साली मुलांच्या प्रकृतीसाठी पत्नी व मुले अमेरिकेस गेली. ते मात्र कामावरच राहिले.

मार्च १८२६ मध्ये ते दोन मुलांस बरोबर घेऊन नाशिकच्या फेरीस गेले. तेथे पटकीने कहर मांडला होता. हॉलसाहेबांनी जवळची औषधे आजाऱ्यांस वाटली, आणि ती सरत आली तेव्हा परतीची वाट धरली. वाटेत रात्री एका खेड्यातील देवळाच्या ओसरीवर ते निजले. शेजारीच आजारी माणसे पडली होती. पहाटे उठून निघणार तोच त्यांस पटकीचा झटका आला. उरलेले थोडे औषध पोटात ठरेना. आपण आता वाचत नाही, हे त्यांनी मुलांस शांतपणे सांगितले, प्रार्थना केली, आणि काही तासांतच, २० मार्च १८२६ रोजी, त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. वय अवघे एकेचाळीस. मुलांनी त्यांस कांबळ्यात गुंडाळून तेथेच मूठमाती दिली. त्याच साली मराठी नवा करार छापून पूर्ण झाला.

दूषित पाण्यातून पटकी पसरते, हे जॉन स्नो यांनी लंडन शहरात १८५४ साली दाखवून दिले. या रोगात शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात. ते वेळीच भरून काढल्यास बहुतेक रोगी वाचतात. हे ज्ञान हॉलसाहेबांच्या काळी नव्हते, व त्यांच्या पेटीतील औषधांतही फारसा गुण नव्हता. तथापि जे होते ते त्यांनी स्वतःपुरते राखून न ठेवता परक्यांस दिले. विद्यार्थिमित्रहो, आज आपल्यापाशी ज्ञान व साधने त्यांच्याहून कितीतरी अधिक आहेत. ती दुसऱ्याच्या उपयोगी पडावीत म्हणून त्यांच्याइतके तत्पर मन आपल्यापाशी आहे काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.