न्यायमूर्ती रानडे आणि शेतकऱ्यांची गहाणखते

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव निघाले की सामाजिक परिषद, प्रार्थनासमाज आणि सार्वजनिक सभा या संस्था आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु त्यांच्या आयुष्यातील कित्येक वर्षे ज्या नीरस कामात गेली ते बहुतेक चरित्रलेखक दोन-चार ओळींत आटोपतात. शेतकऱ्यांनी सावकारांकडे जमिनी गहाण टाकून काढलेल्या कर्जांचे दावे तपासणे, हे ते काम होय. आपल्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांच्या घरी पणजोबांच्या वेळची गहाणखते अजूनही जुन्या पेट्यांतून निघतात. त्यांत कोणाचे पूर्वज कर्ज देणारे असतील, कोणाचे घेणारे. दोघांनाही हा विषय परका वाटू नये.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्याने बालपण तेथे गेले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. १८७१ साली ते पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज झाले आणि तेथेच त्यांना दख्खनच्या शेतकऱ्याची खरी दशा कळली.

ती दशा कशी होती? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर तीन वर्षांत दावा लावणे सावकारास भाग पडू लागले. दावा टाळायचा तर मुद्दल व थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहून घ्यावयाचे. प्रस्तुत लेखकाचा पेशा शिक्षकाचा, म्हणून थोडे गणित मांडतो. शंभर रुपये, दरसाल शेकडा चोवीस व्याज. तीन वर्षांनी १७२ रुपयांचे नवे खत, सहा वर्षांनी सुमारे २९६ रुपयांचे आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपयांचे! कुळाच्या हाती नवी दिडकीही पडलेली नसताना खतावर मात्र रोख पावल्याचा मजकूर आणि खाली अंगठा. पुढे कोर्टाचे समन्स यावे, कुळाने भीतीने किंवा अज्ञानाने हजर न राहावे, एकतर्फी हुकूमनामा व्हावा आणि जमिनीचा लिलाव पुकारला जावा, हा क्रम गावोगावी रूढ झाला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो दंगा उसळला, त्यात लोकांचा रोख सावकारांच्या जिवावर फारसा नव्हता; त्यांना हवी होती ती खते आणि हुकूमनामे. ते कागद त्यांनी जाळले.

दंगलीच्या चौकशीअंती १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला व तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकारची रानड्यांवर संशयी दृष्टी होती व त्यांची बदली धुळ्यास झाली होती. असे असता दोनच वर्षांत, १८८१ साली, याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विशेष न्यायाधीश डॉ. पोलेन यांचे सहायक म्हणून सरकारने त्यांनाच नेमले. दैवगती विचित्र खरी!

या कायद्याने न्यायाधीशावर एक अपूर्व जबाबदारी टाकली. खतावर आकडा आहे म्हणून तो मानावयाचा नाही. व्यवहाराचा इतिहास मुळापासून उकलावयाचा, मुद्दल व व्याज यांचे वेगळे हिशेब मांडावयाचे आणि चक्रवाढ वगळावयाची. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या व्यवहारात दामदुपटीचा जुना नियम होताच. शेतकरी आता स्वतःही हिशेबाचा दावा लावू शके, देणे हप्त्यांनी फेडू शके आणि विशेष रीतीने गहाण न दिलेली त्याची जमीन पैशाच्या हुकूमनाम्यात विकली जात नसे. अनेक लहान दाव्यांत अपील ठेवलेले नव्हते. म्हणून खालच्या कोर्टांचे निर्णय तपासून अन्याय दुरुस्त करण्याचे काम विशेष न्यायाधीश व त्यांच्या सहायकांकडे आले.

त्यासाठी रानडे यांना गावोगाव फिरावे लागे. या फिरतीत अनेकदा रमाबाई बरोबर असत. त्यांची दृष्टी अधू, त्यामुळे पुष्कळसे वाचन दुसऱ्याकडून करवून घ्यावे लागे. मोडीतील खते, रुजुवात नसलेल्या वह्या, फाटलेल्या पावत्या यांचा ढीग ऐकत बसणे हे किती धीराचे काम, याची कल्पना ज्याने जुने दप्तर उलगडले आहे त्यालाच येईल. पुढे डॉ. पोलेन यांच्या जागी ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले आणि १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयात गेले.

सावकारांची तक्रार अशी होती की, लिहून दिलेला करार कोर्टच मोडू लागले तर पैसा कोण देईल? ही तक्रार निव्वळ स्वार्थाची म्हणून झटकून टाकता येत नाही. पेरणीच्या दिवसांत बी-बैलासाठी शेतकऱ्याला त्याच दाराशी जावे लागे. कित्येक सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि पैसे परत मिळाल्यास जमीन परत देण्याचे तोंडी आश्वासन देऊ लागले. दिसायला खरेदी, मुळात गहाण! अशा खरेदीचे खरे स्वरूप तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा पुढे कायद्यात दुरुस्ती करून द्यावी लागली, यावरून ही पळवाट किती रुळली होती ते समजते.

रानडे सावकाराचे वैरी नव्हते, आणि हे त्यांच्या भक्तांनाही नीट उमगलेले नाही असे आम्हांस वाटते. सारावसुलीची ताठर पद्धत हेही कर्जाचे एक कारण आहे, असे त्यांचे मत होते. जमिनीचे हस्तांतर सर्वस्वी थांबविता येईल असे ते मानीत नसत; भांडवल व काटकसर असणाऱ्यांच्या हाती काही जमीन जाणारच, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. आज हे मत कानाला कठोर लागते. परंतु जमीन जायचीच तर ती खोट्या आकड्याने जाऊ नये, एवढा त्यांचा आग्रह होता.

केवळ न्यायालयाने हा प्रश्न सुटणार नाही, हेही त्यांनी ओळखले. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना आखली होती. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने ती उचलून धरली, पण विलायतेतील भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. १८९१ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत रानडे यांनी जमिनीच्या तारणावरील पतपुरवठ्याची पुनर्रचना या विषयावर निबंध वाचला व युरोपातील पेढ्यांचे दाखले देऊन तोच प्रश्न पुन्हा मांडला. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९०४ साली झाला.