सावित्रीबाई फुले : रुग्णसेवेत संपलेले आयुष्य

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांची जयंती आपण दरवर्षी ३ जानेवारीला उत्साहाने साजरी करतो. १० मार्च हा त्यांचा स्मृतिदिन मात्र परीक्षांच्या धामधुमीत अनेकदा निसटून जातो. त्या दिवसामागील इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावा, म्हणून हा लेखप्रपंच.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. १८४० मध्ये त्यांचा जोतीरावांशी विवाह झाला. पतीकडूनच त्यांना अक्षरज्ञान मिळाले आणि १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शेणाचा मारा सोसून त्या शिकवीत राहिल्या. पुढे बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेल्या यशवंताला या दांपत्याने दत्तक घेतले व डॉक्टर केले. १८९० मध्ये जोतीरावांचे निधन झाले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरून सावित्रीबाई अग्रभागी चालल्या. त्यानंतर सत्यशोधक समाजाचे नेतृत्व त्यांनी केले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. लष्करात असलेल्या यशवंतांना सावित्रीबाईंनी बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उभा राहिला. ज्यांच्या वस्तीकडे कोणी फिरकत नव्हते, त्यांना सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई तेथे आणू लागल्या.

हा रोग इतका घातक का होता, याचे उत्तर विज्ञानाने फार उशिरा दिले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकतात. प्लेगचा जंतू उंदरावरील पिसवेच्या थंड शरीरातून माणसाच्या ३७ अंशांच्या उष्ण शरीरात आला की आपले रूप पालटतो. तो स्वतःभोवती प्रथिनांचे आवरण चढवितो. सुईसारख्या रचनेतून तो काही प्रथिने थेट पांढऱ्या पेशींत टोचतो आणि त्यांची गिळण्याची शक्ती नाहीशी करतो. धोक्याची सूचना देणारी यंत्रणाही तो दाबून ठेवतो. शरीर सावध होईपर्यंत जांघेत वा काखेत गाठ आलेली असते.

त्या काळी यातील काहीच ज्ञात नव्हते. पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली होती. ती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यास अवधी होता. प्रतिजैविके तर अर्धशतक दूर होती. सावित्रीबाईंपाशी होते ते दोन हात आणि करुणा.

मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने तळमळत असल्याचे समजताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. ज्याची सावलीही समाज टाळीत होता, त्या लेकराला त्यांनी पाठीशी बांधले. याच सेवेत त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

हा इतिहास आपल्या वऱ्हाडापासून दूरचा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोला येथे पुन्हा टाळेबंदी लागली, ती आपण सर्वांनी अनुभवली आहे. अमरावती परिसरातील कोरोना विषाणूच्या नमुन्यांत त्याच्या काटेरी प्रथिनात बदल आढळले होते. आपली प्रतिपिंडे विषाणूला जेथे पकडतात, नेमके तेथेच हे बदल होते. त्यामुळे पकड सैल होत होती. प्लेगचा जंतू आणि हा विषाणू भिन्न आहेत, मात्र शरीराच्या पहारेकऱ्यांना चकविण्याची विद्या दोघांनाही साधलेली आहे.

तिच्यावर उपाय आहे तो विज्ञानाचा. प्रयोगशाळेत जाण्यासाठी शिक्षण हवे आणि ते आपल्या लेकींना मिळावे म्हणूनच सावित्रीबाईंनी शेणमाती झेलली. परंतु लस येईपर्यंत रुग्णाजवळ कोणीतरी बसावे लागते. त्या संकटात आपल्या समाजातील परिचारिका, आशाताई आणि सफाई कामगार घराबाहेर पडले, ते सावित्रीबाईंच्याच वाटेने. आपल्या विद्यार्थ्यांना प्रज्ञा आणि करुणा या दोहोंचा वारसा लाभो, हीच या माउलीच्या स्मृतीस विनम्र आदरांजली.