सम्राट अशोक : स्वतःला आवरणारा राजा

विहाराच्या वर्धापनदिनी आपण सर्व उपासक-उपासिका त्रिसरण-पंचशील एकसुरात म्हणतो. पंचशील ही कुणी वरून लादलेली बंदी नव्हे. ते आपणच आपल्याला घालून घेतलेले नियम आहेत. म्हणायला सोपं, पाळायला कठीण! म्हणूनच या स्मरणिकेत आम्ही सम्राट अशोकाचे चरित्र या एकाच अंगाने मांडत आहोत.

चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र अशोक इ.स.पू. २६८ च्या सुमारास पाटलिपुत्राच्या गादीवर आला. त्याला आवर घालील असं कुणी नव्हतं. राज्याभिषेकाच्या आठव्या वर्षी त्याने कलिंग जिंकले. एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख धरून नेली गेली, हा आकडा त्याने स्वतःच शिलालेखात कोरविला. इतर राजे पराक्रम कोरतात, याने पश्चात्ताप कोरला.

बदल एका रात्रीत झाला नाही. उपासक झाल्यावर पहिलं वर्षभर आपण फारसा नेट लावला नाही, संघाच्या सहवासात आल्यावर मात्र जोमाने लागलो, असे त्याचा लघुशिलालेख सांगतो.

सुरुवात त्याने घरापासून केली. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज असंख्य प्राणी मारले जात. ते दोन मोर आणि एक हरिण एवढ्यावर आणले आणि पुढे तेही थांबविण्याचे ठरविले. राजांच्या शिकारीच्या सहली सोडून दहाव्या वर्षी तो बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेला व धम्मयात्रा सुरू केल्या. हे सांगणाऱ्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली आपल्या नालासोपाऱ्यात सापडला, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे.

जिभेलाही त्याने लगाम घातला. आपल्या पंथाची बढाई आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, वाणीचा संयम हाच सर्व पंथांचा पाया, असे बारावा शिलालेख सांगतो. माणसाला आपलं पुण्य दिसतं, पाप दिसत नाही. म्हणून क्रोध, गर्व, मत्सर यांवर स्वतःच नजर ठेवावी, असे स्तंभलेखात आहे.

अशोकाने सैन्य मोडले नाही, देहदंडही रद्द केला नाही. मात्र देहदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली. अखेरच्या काळात त्याने ताळेबंद मांडला, तेव्हा धम्माची वाढ नियमांनी थोडी आणि मनाला पटल्याने अधिक होते, असा निष्कर्ष काढला. साऱ्या साम्राज्याला हुकूम सोडू शकणारा राजा हे सांगतो, याला मोल आहे.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. दारू न पिण्याची प्रतिज्ञाही त्यांत आहे. प्रतिज्ञा म्हणजे कायदा नव्हे. ती मोडली तर पोलीस येत नाही. मग वस्तीत दारूपायी घर मोडतं, विहाराच्या बैठकीत पदासाठी बोलाचाली होते, त्याला कोण आवरणार? पंच, कमिटी, कायदा हे सारे नंतरचे. आधी ज्याचं त्यालाच आवरावं लागतं. एवढ्या मोठ्या सम्राटाला ते जमलं, कारण त्याने रोज थोडं थोडं केलं. आपण आपल्या स्वयंपाकघरापासून आणि जिभेपासून सुरुवात करू या.

नमो बुद्धाय! जय भीम!