माशांच्या मागे लागलेले डॉक्टर ब्लॉख

डहाणूच्या मासळी बाजारात किंवा तलासरी तालुक्यातल्या झाईच्या किनाऱ्यावर हलवा आणि जिताडा ओळखायला कोणाला पुस्तक लागत नाही. या दोन्ही माशांच्या शास्त्रीय नावांपुढे मात्र एकाच माणसाचं नाव असतं, ब्लॉख. त्यांनी आपला किनारा कधी पाहिला नव्हता. ते बर्लिनमधले डॉक्टर होते.

मार्कुस ब्लॉख यांचा जन्म १७२३ मध्ये जर्मनीतल्या आन्सबाखला, एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. विशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्यांना जर्मन धड वाचता येत नव्हतं. पुढे हॅम्बुर्गमध्ये एका शल्यचिकित्सकाच्या घरी राहून ते जर्मन आणि लॅटिन शिकले, वैद्यकाची पदवी घेतली आणि बर्लिनला दवाखाना थाटला. पोटातल्या जंतांवरच्या त्यांच्या निबंधाला डेन्मार्कच्या अकादमीचं बक्षीस मिळालं. जंत बाहेरून येत नाहीत, ते जन्मतःच असतात, हे त्यातलं मत पुढे साफ चुकीचं ठरलं!

माशांकडे ते वळले पन्नाशी उलटल्यावर. १७८२ ते १७९५ या काळात १२ खंड आणि हाताने रंगवलेली ४३२ चित्रं त्यांनी प्रसिद्ध केली. सुरुवातीचा खर्च स्वतःच्या खिशातून. तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीहून जॉन नावाचे मिशनरी त्यांना मासे पाठवत. पण स्पिरिटमध्ये ठेवलेल्या माशाचा रंग उडतो. म्हणून ब्लॉख चित्रासोबत परांचे काटेही मोजून लिहीत.

या मोजणीचं मोल रॅस माशांत कळतं. प्रवाळात राहणारे हे रंगीत मासे हौशी लोक काचेच्या टाकीत पाळतात. दुर्मीळ जातीचं पिल्लू महागात आणलं आणि वर्षभरात त्याचा रंगच पालटला, तर फसवलं गेल्यासारखं वाटतं. फसवणूक असेलच असं नाही. यातल्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होऊ शकतो. १७९१ मध्ये ब्लॉख यांनी निळ्या डोक्याच्या एका रॅसला नाव दिलं. त्याच जातीच्या पिवळ्या माशाला १८६२ मध्ये ग्युंथर यांनी वेगळी जात ठरवलं. पिवळ्यांत माद्या असतात, पिल्लं असतात आणि काही छोटे नरही. थोराड निळा नर काढून घेतला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि आठ-दहा दिवसांत तिच्यात शुक्रजंतू तयार होतात. म्हणजे रंगावरून जात ठरत नाही आणि लिंगाचीही खात्री देता येत नाही. जातीसाठी काटे आणि खवले मोजायचे, लिंगासाठी पोटातली जननग्रंथी पाहायची. दोन्ही मासे एकच, हे कळल्यावर नियमाप्रमाणे आधीचं, म्हणजे ब्लॉख यांचंच नाव राहिलं.

आपला जिताडा नेमका उलटा. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. खाडीतले मोठमोठे जिताडे वेचून पकडले, तर अंडी घालणाऱ्या माद्याच संपतात.

ब्लॉख १७९९ मध्ये वारले. त्यांनी जमवलेले मासे आजही बर्लिनच्या संग्रहालयात आहेत आणि एखाद्या जुन्या नावाबद्दल वाद निघाला की संशोधक तिथल्या बरण्या उघडतात.