ओले एव्हिनरूड : होडीला इंजिन लावणारा कारागीर

बालमित्रांनो, मुहर्रक, सित्रा किंवा बुदय्याच्या बंदरावर तुम्ही मासेमारीच्या होड्या पाहिल्या असतील. काही होड्यांच्या मागच्या कडेवर एक इंजिन अडकवलेले असते. त्याचे डोके पाण्याबाहेर आणि पाय पाण्यात! यालाच आउटबोर्ड इंजिन म्हणतात. ते सामान्य माणसाच्या होडीपर्यंत पोहोचवणाऱ्या ओले एव्हिनरूड यांची ओळख या अंकात करून घेऊ या.

ओलेंचा जन्म १८७७ साली नॉर्वेमध्ये झाला. ते पाच वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आले आणि तलावाकाठी शेती करू लागले. म्हणजे तेही तुमच्यासारखेच परदेशात वाढलेले मूल! शाळा लवकर सुटली, पण यंत्रांचे वेड सुटले नाही. सोळाव्या वर्षी ते मॅडिसन शहरात कारखान्यात कामाला लागले. पुढे पिट्सबर्ग आणि शिकागो येथेही त्यांनी काम केले. शेवटी मिलवॉकी शहरात लोखंडी भाग ओतण्यासाठी लागणारे लाकडी साचे ते बनवू लागले.

१९०६ सालच्या उन्हाळ्यात ते बेस कॅरी हिच्यासोबत ओकाउची तलावावर सहलीला गेले होते. बेसला आईस्क्रीम खावेसे वाटले. ओले वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेले, पण परत येईपर्यंत आईस्क्रीम वितळून गेले. वल्ह्यांचे काम इंजिनाने करायला हवे, हा विचार त्यांच्या मनात पक्का बसला. त्याच वर्षी बेस आणि ओले यांचे लग्न झाले.

असे इंजिन बनवणारे ओले पहिलेच नव्हेत. त्यांच्या आधीही काहींनी ते केले होते. परंतु ओलेंचे इंजिन भरवशाचे ठरले. १९०९ साली विक्री सुरू झाली. दीड अश्वशक्तीचे ते यंत्र वजनाने सुमारे २८ किलो होते. कारखाना ओले पाहत. हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिराती बेस पाहत असे. त्याच सुमारास, १९१० साली, आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर किर्लोस्करवाडीत कारखाना उभारत होते.

धंदा भरात आला आणि बेसची प्रकृती ढासळली. तेव्हा ओलेंनी आपला हिस्सा भागीदाराला विकला, काही वर्षे या धंद्यात न उतरण्याचे मान्य केले आणि पत्नी व मुलासह ते प्रवासाला निघाले. स्वतःच्या नावाची कंपनी दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नव्हते. पण त्या फिरतीतही डोके चालूच होते. त्यांनी ॲल्युमिनियमचा भरपूर वापर करून दोन सिलिंडरचे हलके इंजिन आखले. जुन्या भागीदाराने ते नाकारले, म्हणून ओले आणि बेस यांनी एल्टो नावाची नवी कंपनी काढली. ती इतकी चालली की १९२९ साली एव्हिनरूड, एल्टो आणि लॉकवूड या कंपन्या एकत्र आल्या आणि ओले त्यांचे अध्यक्ष झाले. १९३३ साली बेस गेली. पुढच्याच वर्षी ओलेही गेले. एव्हिनरूड नावाची नवी इंजिने २०२० सालापर्यंत बनत होती.

आता इंजिनाच्या पायाकडे पाहू. वरून उभा दांडा खाली येतो आणि पंख्याचा दांडा आडवा असतो. त्या दोघांची गाठ तिरप्या दातांच्या चक्रांनी घातलेली असते. ही चक्रे सतत पाण्याखाली असतात, पण त्यांना पाणी चालत नाही! ओलेंच्या काळात त्या डब्यात घट्ट ग्रीस भरत. पुढे तेल आणि रबरी सील आले. आपल्याकडच्या खाऱ्या पाण्यात हे सील फार जपावे लागते.

घरी किंवा ओळखीत कोणाकडे जुने इंजिन असेल, तर पालकांनी मुलांना ही दुरुस्ती जरूर दाखवावी. खालचा व वरचा स्क्रू काढून तेल भांड्यात घ्यावे. ते दुधाळ दिसले की आत पाणी शिरले आहे असे समजावे. पंखा काढून पाहावे. मासेमारीची तंगूस दांड्याला गुंडाळली जाऊन सील कापते. रिकाम्या डब्यात हलक्या दाबाने हवा भरून तो पाण्यात बुडवला, की जिथून बुडबुडे येतात तिथेच गळती. सील बदलताना दांड्यावर बोट फिरवून पाहावे. खाच लागली तर नवे सीलही गळेल. आधी दांड्याचा बंदोबस्त करावा. स्क्रूखालचे वॉशरही नवे घालावेत. तेल नेहमी खालच्या भोकातून भरावे, म्हणजे आतली हवा वरून निघून जाते. वरून तेल आले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा.

सील म्हणजे रबराचे लहानसे कडे. त्याकडे दुर्लक्ष झाले तर चक्रे गंजतात, झिजतात आणि भर समुद्रात होडी अडते. ओलेंचे काम आजच्या कोळ्यांपर्यंत पोहोचले, त्यात अशा लहानसहान भागांची वेळेवर काळजी घेणाऱ्या अनेक हातांचाही वाटा आहे. पुढच्या वेळी बंदरावर गेलात, तर इंजिनाच्या पायाकडे जरूर लक्ष द्या आणि काय दिसले ते वर्गात मराठीतून सांगा.