प्रभावतीगुप्ता : वऱ्हाडातील दोन ताम्रपट आणि एका राजस्त्रीची ओळख

१

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला परिचित आहे ते महानुभाव संप्रदायाचे तीर्थ म्हणून. गोविंदप्रभूंचे वास्तव्य, महदाइसेचे ‘धवळे’ आणि म्हाइंभटांचे चरित्रलेखन यांच्याशी या गावाचे नाव कायमचे निगडित झाले आहे. मात्र महदाइसेच्या सुमारे आठ शतके आधीचा एका स्त्रीचा शब्दही याच गावाने जपून ठेवला होता, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. रिद्धपूर येथे मिळालेला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रसिद्ध झालेला तो ताम्रपट वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा आहे. दान तिने स्वतः दिलेले आहे आणि आज्ञाही तिचीच आहे.

प्रभावतीगुप्तेचे नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत येते ते बहुधा दोन वाक्यांपुरते. द्वितीय चंद्रगुप्ताने आपली कन्या वाकाटक घराण्यात देऊन दक्षिणेकडील बाजू सुरक्षित केली, हे पहिले वाक्य. पतीच्या अकाली निधनानंतर तिने पित्याच्या साहाय्याने राज्य सांभाळले, हे दुसरे. या दोन्ही वाक्यांत पिता आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. प्रस्तुत लेखात तिचे चरित्र तिच्याच ताम्रपटांच्या आधारे मांडावयाचे आहे. तिची सत्ता ही केवळ पित्याच्या सत्तेची सावली होती काय, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

२

प्रभावतीगुप्ता ही द्वितीय चंद्रगुप्त आणि नागकुलातील राजकन्या कुबेरनागा यांची मुलगी. ज्या घरात ती वाढली, त्या घरात स्त्रीच्या माहेरकुळाला राजकीय मोल होते. तिचा पणजा प्रथम चंद्रगुप्त याच्या सुवर्णनाण्यांवर राजाबरोबर लिच्छवी राणी कुमारदेवी हिचेही नाव व प्रतिमा आहे. त्यांचा पुत्र समुद्रगुप्त हा लिच्छवींचा दौहित्र असल्याचा अभिमानाने उल्लेख करणारे लेख उपलब्ध आहेत. आईच्या कुळावरून आपली ओळख सांगण्यात या घराण्याला कमीपणा वाटत नव्हता.

तिच्या शिक्षणाविषयी कोणताही लेख प्रत्यक्ष बोलत नाही. तरीही त्या काळाची सर्वसाधारण स्थिती कळण्यास साधने आहेत. स्त्रियांना शास्त्राचा अधिकार नाही, या मताचा परामर्श घेताना वात्स्यायनाने कामसूत्रात राजकन्या, महामात्रांच्या मुली आणि गणिका यांची बुद्धी शास्त्राने संस्कारित झालेली आढळते, असे नमूद केले आहे. म्हणजे राजकन्येचे शिक्षण ही त्या समाजाला ठाऊक असलेली गोष्ट होती. सर्व स्त्रियांना ते लाभत होते, असा अर्थ मात्र यातून काढता येणार नाही. ही विद्या कुळ आणि पद यांच्या बळावर मिळालेली होती.

तिचा विवाह वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेतील द्वितीय रुद्रसेनाशी झाला. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्म येथे, म्हणजे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या वाशीम येथे राज्य करीत होती. या विवाहामागे गुप्तांची राजकीय गरज होती, हे मत सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. माळवा व गुजरातेतील क्षत्रपांशी लढताना विदर्भातील प्रबळ सत्ता मित्र असणे चंद्रगुप्ताला आवश्यक होते. विवाहाच्या निर्णयात तिची इच्छा कोणी विचारली असेल, असे मानण्यास आधार नाही. तिच्या निवडीचे क्षेत्र सुरू होते ते त्यानंतर.

३

रुद्रसेनाची कारकीर्द अल्प ठरली. मांढळ येथे मिळालेला त्याच्या पाचव्या राज्यवर्षाचा ताम्रपट पाहता तो किमान पाच वर्षे सिंहासनावर होता, एवढे निश्चित म्हणता येते. त्याच्या निधनसमयी मुले लहान होती. सहगमनाचा सर्वपरिचित प्राचीन शिलालेखीय उल्लेख एरण येथील इ. स. ५१० च्या लेखात, म्हणजे प्रभावतीनंतर सुमारे शंभर वर्षांनी येतो. त्यामुळे तिच्यापुढे ती सक्ती उभी होती, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. विधवेचे निवृत्त, व्रतस्थ जीवन हा मार्ग तिला मोकळा होता. तिने राज्यकारभार हाती घेतला.

या पर्वाचा साक्षीदार म्हणजे तिचा पहिला ताम्रपट. तो पुण्यातील एका तांबट कुटुंबाकडे मिळाल्यामुळे ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो. त्याचा संबंध मात्र विदर्भाशीच आहे. तो नंदिवर्धनाहून दिलेला असून, त्यातील दंगुण हे गाव वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटाच्या परिसरात असावे, असे वा. वि. मिराशी यांनी दाखविले आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीला भगवंताच्या चरणी अर्पण करून हे गाव चनालस्वामी नावाच्या आचार्याला दिले आहे.

या ताम्रपटावर तेरावे वर्ष नोंदले आहे, पण ते कोणत्या राजाचे, याचा उल्लेख नाही. मुलगा दिवाकरसेन तेरा वर्षांनंतरही केवळ युवराज आहे. वर्षाची गणना चालते ती तिच्याच कारभाराची, असे म्हणणे भाग आहे. मुद्रेवरील श्लोकात ही आज्ञा युवराजाच्या मातेची असल्याचे सांगितले आहे. अर्थात अधिकाराचे औपचारिक कारण मातृत्व हेच आहे. लेखाच्या अंतर्भागात मात्र वंशावळ येते ती गुप्तांची. घटोत्कचापासून चंद्रगुप्तापर्यंत पितृकुळ सांगून झाल्यावर ती आपले गोत्र धारण असे सांगते. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध होते. विवाहानंतरही तिने पित्याचे गोत्र सोडलेले नाही, आणि नावातील ‘गुप्ता’ हे पदही सोडलेले नाही. आईचे नागकुलही ती विसरत नाही. दोन्ही कुळांना ती भूषण झाल्याचे विशेषण तिला लावलेले आहे.

या वंशावळीवरूनच अनेक इतिहासकारांनी निष्कर्ष काढला, की राज्य प्रत्यक्षात पाटलिपुत्राच्या धोरणाने चालत होते. गुप्त दरबारातून अधिकारी व लेखनिक आले असावेत, असे अनुमान अ. स. अळतेकर आणि मिराशी या दोघांनीही मांडले. पुणे ताम्रपटापुरते पाहिले तर ते असंभाव्य नाही. विधवा मुलीला पित्याने मदत करणे स्वाभाविकच होते. परंतु हे अनुमान तिच्या उर्वरित आयुष्याला लागू पडते काय, याचा तपास वऱ्हाडातील ताम्रपटांनी करावयाचा आहे.

४

दिवाकरसेन राजा झाल्याचा पुरावा मिळत नाही. तो युवराज असतानाच निवर्तला असावा. पुढे दामोदरसेन-प्रवरसेन हे नाव येते. ही एकाच व्यक्तीची दोन नावे की दोन सख्खे भाऊ, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते भाऊ मानल्यास पतीमागोमाग दोन मुलांचे मरण या स्त्रीने पाहिले, असे म्हणावे लागते. अखेर द्वितीय प्रवरसेन सिंहासनावर स्थिर झाला आणि त्याची कारकीर्द दीर्घ ठरली. पालकत्वाची गरज संपली.

प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षाचा एक ताम्रपट अचलपूरजवळील चम्मक येथे मिळाला आहे. भोजकट राज्यातील चर्मांक हे गाव एक सहस्र ब्राह्मणांना दिल्याची नोंद त्यात आहे. तो प्रवरपुराहून दिलेला आहे. त्यात वाकाटकांची वंशावळ आहे, विष्णुवृद्ध गोत्र आहे आणि राजा शंभूचा भक्त आहे. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, अपराध करू नयेत, अशा अटीही घातल्या आहेत. आपण प्रभावतीगुप्तेचे पुत्र व महाराजाधिराज देवगुप्ताच्या, म्हणजे चंद्रगुप्ताच्या, कन्येच्या पोटी जन्मलो, हे राजा आवर्जून सांगतो.

रिद्धपूरचा ताम्रपट यानंतर अवघ्या एका वर्षाचा, प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा आहे. तो रामगिरीस्वामीच्या पादमूलाहून, म्हणजे रामटेकच्या देवस्थानाहून दिलेला आहे. दान मोठे नाही. एक शेत, त्यासोबतचे घर आणि कृषकांची चार घरे, एवढेच. वर्ष मुलाच्या राज्याचे आहे, परंतु वंशावळ पुन्हा गुप्तांची आणि गोत्र पुन्हा धारण. एकाच राज्यात, एका वर्षाच्या अंतराने, आई व मुलगा यांनी आपली ओळख दोन वेगळ्या रीतींनी करून दिली आहे. हे दोन्ही लेख आजच्या अमरावती जिल्ह्याच्या मातीत सापडावेत, हा योगायोग अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचा आहे.

या दोन लेखांचे परस्परसान्निध्य जुन्या अनुमानाला बाधक ठरते. प्रवरसेनाच्या कारकिर्दीचा प्रारंभ कोणत्याही प्रचलित कालगणनेनुसार धरला, तरी त्याच्या एकोणिसाव्या वर्षी चंद्रगुप्त हयात नव्हता. गुप्तांच्या गादीवर तिचा सावत्र भाऊ प्रथम कुमारगुप्त होता. मुलगा प्रौढ, समर्थ आणि स्वतंत्र वृत्तीचा होता. पित्याची छाया नाही आणि पालकत्वाचे निमित्तही नाही, अशा वेळी तिने पितृकुळाचे गोत्र सांगितले असेल, तर तो दरबारी दडपणाचा परिणाम मानता येत नाही. विवाहाच्या प्रकारावरून गोत्र टिकल्याचा धर्मशास्त्रीय खुलासा करता येईल. तथापि गोत्र टिकणे वेगळे आणि ते ताम्रपटावर पुनःपुन्हा कोरविणे वेगळे. भंडारा जिल्ह्यातील मिरेगाव येथे मिळालेला तिचा ताम्रपट प्रवरसेनाच्या विसाव्या वर्षाचा आहे. उतारवयातही दान देण्याचा अधिकार ती वापरीत होती, हे त्यावरून पक्के होते.

रिद्धपूरच्या लेखातील एका विशेषणाचा अर्थ ती शंभराहून अधिक वर्षे जगली, असाही केला गेला आहे. पुत्रपौत्रांच्या दीर्घायुष्याचा आशीर्वाद असा दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. ज्या आईने मुलगा गमावला होता, तिच्या लेखात हे विशेषण यावे, यात पुरेसे तथ्य आहे.

दख्खनमध्ये अशा राजस्त्रियांची परंपरा नवी नव्हती. नाणेघाटच्या लेखातील नागनिका आणि नाशिकच्या लेखातील गौतमी बलश्री या सातवाहन राण्या आपल्याला परिचित आहेत. बलश्रीचा लेख नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षाचा आहे. त्यात तिने गौरव केला तो मुख्यतः आपल्या पुत्राच्या पराक्रमाचा. प्रभावती मुलाचे नाव घेते, पण स्वतःचा परिचय कन्या म्हणून आधी देते. हा भेद लक्षणीय आहे.

५

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या चरित्रात आणखी एका कारणाने रस वाटावा. प्रवरसेन हा ‘सेतुबंध’ या पंधरा आश्वासांच्या महाराष्ट्री प्राकृत काव्याचा कर्ता मानला जातो. दंडीने महाराष्ट्रीतील श्रेष्ठ कृती म्हणून त्याचा निर्देश केला आणि बाणाने प्रवरसेनाची कीर्ती वर्णिली. काव्यरचनेशी विक्रमादित्याचा व कालिदासाचा संबंध जोडणारी टीकाकारांची परंपरा आहे, आणि तिच्या आधारे मुलाचे संस्कारही गुप्त दरबाराच्या खाती जमा केले जातात. परंतु वत्सगुल्म शाखेचा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य त्याआधीच रचले होते. वाशीमला मिळालेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटातही प्राकृताचा वापर आहे. वऱ्हाडात प्राकृत ही राजसभेची आणि व्यवहाराची भाषा होती. प्रवरसेनाची काव्यभाषा या भूमीची आहे.

मग आईचा वाटा कोणता? येथे अनुमानापलीकडे जाता येत नाही. प्रभावती विष्णूची निष्ठावान भक्त होती आणि रामगिरीचे स्थान तिच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी होते. मुलगा शैव झाला. तिने आपली उपासना बदलली नाही आणि मुलावर ती लादलीही नाही, असे लेखांवरून दिसते. तरीही या शैव राजाने काव्यासाठी विषय निवडला तो रामकथेचा. रामगिरीच्या पायथ्याशी, आईच्या देखरेखीखाली गेलेले बालपण या निवडीमागे असावे, असे मानणे अप्रस्तुत ठरू नये.

६

तिच्या मृत्यूनंतरची एक नोंद रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातील भग्न शिलालेखात आहे. हान्स बाकर व हरुनागा आयझॅक्सन यांनी १९९३ मध्ये त्याचे वाचन प्रसिद्ध केले. त्यांच्या मते तिच्या मुलीने आईच्या पुण्यार्थ विष्णूचे मंदिर उभारले आणि त्या देवाला आईचेच नाव दिले. शिलालेख बराच झिजलेला असल्यामुळे तपशिलांविषयी सावधगिरी आवश्यक आहे. हे वाचन ग्राह्य मानल्यास, कुबेरनागेचे नाव आपल्या लेखात जपणाऱ्या स्त्रीचे नाव पुढे तिच्या लेकीने जपले, असे म्हणता येते.

प्रभावतीगुप्तेला आजच्या अर्थाने स्वतंत्र स्त्री म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तिचा विवाह राज्यांच्या सोयीने ठरला, तिच्या अधिकाराला मातृत्वाचा आधार लागला आणि तिच्या दानातील चार घरांत राहणाऱ्या कृषकांच्या बायकांना शास्त्र किंवा ताम्रपट यांपैकी काहीच लाभले नाही. तथापि मिळालेल्या मर्यादेत तिने एक गोष्ट स्वतः ठरविली : आपण कोण, हे आपणच सांगावयाचे. पिता असताना तिने ते सांगितले आणि पिता नसतानाही तेच सांगितले. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथील अभ्यासक्रमात महदाइसा अग्रभागी असणे योग्यच आहे. तिच्या शेजारी या ताम्रपटाचेही वाचन व्हावे आणि ते करताना राणीच्या आधी तिच्या पित्याचे नाव घेण्याची सवय आपण तपासून पाहावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.